शेतकऱ्याचा टेम्पो : इतिहास, उपयोग आणि हिशेब

(भाजीपाला व फळे उत्पादकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा अध्यापक म्हटला, की तो पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण यांवर बोलणार, हे आपण गृहीत धरता. त्यामुळे आज मी टेम्पोवर बोलणार आहे असे सांगितल्यावर मागच्या बाजूने थोडा हशा झाला. तो मी समजू शकतो. परंतु ज्या मालासाठी आपण चार महिने राबतो, तो शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर कोणत्या गाडीतून, कसा आणि कोणाच्या भाड्याने जातो, यावर आपल्या हाती पडणाऱ्या पैशाचा मोठा भाग अवलंबून असतो. लागवडीच्या खर्चाची आपण वही ठेवतो. वाहतुकीचा खर्च मात्र पट्टीतून आपोआप कापला जातो आणि विसरला जातो. म्हणून आज हा विषय निवडला आहे. या गाडीचा थोडा इतिहास, तिचे उपयोग, माल भरण्याच्या पद्धती, कायद्याच्या चार गोष्टी आणि शेवटी विकत घ्यावी की भाड्याने घ्यावी याचा हिशेब, असे पाच भाग मी करतो.

‘टेम्पो’ हे नाव आले कोठून?

आपण कोणत्याही लहान मालवाहू गाडीला टेम्पो म्हणतो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, ‘टेम्पो लागला का?’ असेच विचारतो. वास्तविक टेम्पो हे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातल्या एका कारखान्याच्या मालाचे नाव आहे. विडाल कुटुंबाने १९२४ मध्ये हा उद्योग सुरू केला. त्या काळी जर्मनीतल्या किरकोळ व्यापाऱ्याला, भाजीवाल्याला, दूधवाल्याला मोठा ट्रक परवडत नव्हता आणि हातगाडी पुरत नव्हती. त्या दोहोंच्या मधली गाडी म्हणून टेम्पोची तीनचाकी पुढे आली. १९२८ मध्ये जर्मनीत २०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या अशा लहान वाहनांना चालक परवाना व वाहनकर यांतून सूट मिळाली आणि या तीनचाकींचा खप वाढला. लहान माणसाला परवडेल अशी गाडी आणि त्याला झेपेल असा कायदा, या दोन गोष्टी जुळल्या की साधन किती लवकर पसरते, याचे हे उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये याच कारखान्याने दोन गाड्या बाजारात आणल्या. एक ‘हॅन्सीट’ नावाची तीनचाकी आणि दुसरी ‘मॅटाडोर’ नावाची चारचाकी. पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनचे इंजिन होते आणि ती साधारण एक टन माल वाहून नेत असे. तिचे वैशिष्ट्य म्हणजे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना. मागे इंजिनाकडून जाणारा लांब दांडा नसल्यामुळे मागचा हौदा जमिनीपासून बराच खाली ठेवता आला. माल चढवणाऱ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर हौदा आला, की खांद्यावर ओझे घेऊन फळीवरून चढावे लागत नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण दिवसाला दोनशे डाग चढवणाऱ्याच्या पाठीला विचारा.

हॅम्बुर्गहून आकुर्डीला

ही गाडी आपल्याकडे आली ती एका नगरी माणसामुळे. त्यांचे नाव नवलमल फिरोदिया. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या कुंदनमल फिरोदिया यांचे ते पुत्र. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि जर्मन कंपनीच्या सहकार्याने मुंबईजवळ गोरेगाव येथे हॅन्सीट तीनचाकी बांधण्यास सुरुवात झाली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. चारचाकी मॅटाडोर १९६९ पासून तेथे तयार होऊ लागली.

तिकडे जर्मनीत विडालचा कारखाना १९६० च्या दशकात हॅनोमाग कंपनीकडे गेला, हॅनोमाग पुढे डाईमलर-बेंझकडे गेली आणि या जातीच्या गाड्या शेवटी मर्सिडीझच्या नावाने १९७७ पर्यंत निघाल्या. नंतर त्या तेथे बंद पडल्या. आपल्याकडे मात्र मॅटाडोर त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिली. १९८० च्या दशकात बजाज टेम्पोने डाईमलर-बेंझच्या परवान्याने ‘ओएम ६१६’ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन येथे बनवण्यास सुरुवात केली. जर्मनीत ज्या २४० डी मोटारी टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाल्या, त्यांचे हे इंजिन. त्याच कंपनीची ट्रॅव्हलर ही गाडी १९८७ मध्ये आली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. म्हणजे ज्या कंपनीने टेम्पो हे नाव आपल्या भाषेत आणले, तिच्या नावातून ते गेले. आपल्या तोंडी मात्र ते कायम राहिले.

मॅटाडोरने काय काय वाहिले याची यादी करू लागलो तर वेळ पुरणार नाही. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, द्राक्षांच्या पेट्या, कोंबड्यांचे पिंजरे, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, रुग्ण, बँडपथक आणि निवडणुकीतले कर्णेही. ती इतकी टिकली याची कारणे साधी आहेत. पहिले, इंजिनाची रचना सरळ होती. दुसरे, इंजिन चालकाच्या बाजूलाच झाकणाखाली असल्यामुळे भर पावसातही आत बसून दुरुस्ती करता येई; अर्थात उन्हाळ्यात चालकाच्या पायाला त्याची धग लागे, हेही खरे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. तालुक्याच्या प्रत्येक गावी तिचे सुटे भाग मिळत आणि ती उघडून बसवणारा मिस्त्री मिळे. कोणतेही यंत्र घेताना हे लक्षात ठेवावे. यंत्राचा टिकाऊपणा कारखान्यात निम्माच तयार होतो. उरलेला निम्मा आपल्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत मिळणाऱ्या मिस्त्रीवर आणि सुट्या भागांवर ठरतो.

मॅटाडोरनंतरच्या गाड्या

१९८० च्या दशकाच्या मध्यावर हलक्या व्यापारी वाहनांत जपानी सहकार्याने चार कंपन्या उतरल्या. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी ही ती नावे. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ हा लहान ट्रक आणला. ‘चारशे सात’ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसपट्ट्यापासून कोकणच्या घाटापर्यंत तिने बस्तान बसवले. तिची ओढ मागच्या चाकांना आहे. त्यामुळे हौद्यात भार पडला की ओढणारी चाके जमिनीला घट्ट धरतात. मॅटाडोरमध्ये याच्या उलट होते. मागे जास्त भार टाकून चिखलाच्या चढणीवर गाडी घातली की वजन मागे सरकते, पुढची ओढणारी चाके हलकी होतात आणि जागेवर फिरू लागतात. सपाट व डांबरी रस्त्याला खालचा हौदा सोयीचा. शेतातल्या चिखलवाटेला आणि घाटाला मागची ओढ सोयीची. गाडी निवडताना आपल्या बांधापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट कशी आहे ते आधी पाहावे.

मे २००५ मध्ये टाटांची एस ही गाडी आली. आपण तिला छोटा हत्ती म्हणतो. ७०२ घन सेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती आणि पाऊण टन माल. तीनचाकी टेम्पोचा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवूनच ती बनवली होती. थोडाच माल असलेल्या शेतकऱ्याला पूर्वी मोठ्या गाडीत जागा मागावी लागे आणि गाडी भरेपर्यंत थांबावे लागे. छोट्या हत्तीमुळे त्याला स्वतःच्या वेळेला बाजारात जाता येऊ लागले. आता पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत निरनिराळ्या पिकअप गाड्या उपलब्ध आहेत.

गाडीतला माल आणि त्याची नासाडी

आता माझ्या विषयाकडे येतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात काढणीपासून विक्रीपर्यंत टोमॅटोचे सुमारे १२.४ टक्के आणि पेरूचे सुमारे १५.९ टक्के नुकसान नोंदले आहे. म्हणजे टोमॅटोच्या आठ ओळींतली एक ओळ आपण फेकण्यासाठीच लावतो. हे सगळे नुकसान गाडीत होत नाही, पण गाडीत होणारे आपल्या हातात आहे. पुढील गोष्टी पाळल्यास ते कमी होते.

१) माल सकाळी लवकर काढावा आणि सावलीत पसरून त्यातली शेताची उष्णता जाऊ द्यावी. दुपारी तापलेला माल तसाच भरून वर ताडपत्री आवळली, तर हौद्याची भट्टी होते. भाजी काढल्यानंतरही श्वसन करीत असते आणि त्या श्वसनातून उष्णता निघते, हे विसरू नये.

२) गोणीत भरलेला टोमॅटो, वांगी किंवा पेरू खालच्या थरात दबतो. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भार क्रेटच्या कडांवर जातो, फळावर जात नाही. मात्र क्रेट शिगोशीग भरू नये. फळ कडेच्या वर आले, की वरच्या क्रेटचा भार पुन्हा फळावरच येतो.

३) ताडपत्री मालाला चिकटू देऊ नये. हौद्यावर कमानी असाव्यात आणि वर वीतभर हवा खेळावी. पालेभाजीवर ओले गोणपाट टाकावे, परंतु पाणी साचू देऊ नये.

४) पिकलेली केळी, आंबा, पपई किंवा टोमॅटो आणि पालेभाजी, काकडी एकाच बंद हौद्यात भरू नये. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात. त्याने भाजी पिवळी पडते.

५) खत, कीडनाशक किंवा तणनाशक आणलेल्या हौद्यात तो धुतल्याशिवाय भाजीपाला भरू नये. परतीच्या फेरीत आपण कृषी सेवा केंद्रातून औषधाचे डबे आणतो आणि दुसऱ्या पहाटे त्याच जागी मेथी भरतो. डबा गळला असेल तर ते वासावरून कळेलच असे नाही. औषधांसाठी झाकणाची वेगळी पेटी ठेवावी. धुण्याचे पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नये.

६) तणांचा विचार करावा. गाजर गवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली. त्यानंतर ते देशभर पसरले. त्याचे बी अतिशय बारीक असून चाकाच्या चिखलातून, कडब्यातून, शेणखतातून आणि मातीतून सहज जाते. दुसऱ्याच्या शेतातून चारा किंवा खत आणल्यावर हौदा व चाके झाडून धुवावीत आणि धुतलेल्या जागेवर पुढे काय उगवते यावर लक्ष ठेवावे. रोपे आणि केळीचे कंद आणणाऱ्या गाडीबाबत तर हे जास्तच आवश्यक आहे, कारण कंदाच्या मातीबरोबर सूत्रकृमी आणि मर रोगही येतात.

जादा भराची खरी किंमत

गाडीचे पासिंग किती आणि आपण भरतो किती, हा आपल्या सर्वांचा नाजूक विषय आहे. एक साधा हिशेब पाहा. गाडीची क्षमता १,२०० किलो आहे. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो आणि रिकामा क्रेट साधारण २ किलोचा, म्हणजे भरलेला क्रेट २२ किलोचा. १,२०० ला २२ ने भागले की ५४ क्रेट होतात. आपण २० नेच भागतो आणि ६० भरतो. वर ‘बसतील बसतील’ म्हणून आणखी १५. त्या गाडीत आता १,६५० किलो भार झाला. त्यावर दोन माणसे बसली तर वेगळीच.

यातून काय होते? गाडी थांबवताना ब्रेकला जी शक्ती जिरवायची असते, ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेक लागल्यानंतर गाडीला सव्वादोनपट अंतर लागते. त्यात भार जास्त, उतार लांब आणि ब्रेक तापलेले असतील तर काय होते, ते आपल्या घाटांतल्या प्रत्येक वळणावर लिहिलेले आहे. रस्त्याचीही तीच कथा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांवरून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. आसावरचा भार दीडपट झाला तर रस्त्याची हानी सुमारे पाचपट होते. ज्या शिवाररस्त्यासाठी आपण वर्षानुवर्षे अर्ज करतो, तो आपणच दोन पावसाळ्यांत उखडतो.

शिवाय २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पंधरा जादा क्रेटमागे वाचलेले भाडे आणि हा दंड यांची तुलना घरी बसून करावी.

माणसे हौद्यात बसवू नका

हा भाग मी मुद्दाम वेगळा घेतो, कारण तो पैशाचा नाही. खुरपणीच्या, काढणीच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर उभे राहिले, की दर दुसऱ्या टेम्पोच्या हौद्यात वीस-पंचवीस बाया उभ्या दिसतात. डबा हातात, पोर कडेवर. लग्नसराईत वऱ्हाड, जत्रेच्या दिवसांत अख्खी गल्ली. अपघात झाला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि आपण हळहळतो.

मालवाहू गाडीच्या हौद्यात धरायला काही नसते. गाडी एकदम थांबली तर उभी माणसे एकमेकांवर आणि फाळक्यावर आदळतात. उलटली तर बाहेर फेकली जातात. उभ्या माणसांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून ती वळणावर उलटण्याची शक्यताही वाढते. आणि त्यानंतर दुसरा आघात होतो तो विम्याचा. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याला कायद्याचे संरक्षण आहे. भरणी-उतरणीच्या मजुरांसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घेता येते. पण हौद्यातल्या वीस बायांसाठी काही नाही. त्यांच्या घरच्यांना भरपाई द्यायची वेळ आली तर ती गाडीमालकावर येते, म्हणजे आपल्यापैकीच कोणावर तरी, त्याच्या जमिनीसह.

मजूर लांबून आणावे लागतात ही अडचण मला माहीत आहे. त्यासाठी प्रवासी परवान्याची गाडी चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून ठरवावी. माणशी थोडे पैसे जास्त पडतील. तो खर्च मजुरीचाच भाग समजावा.

कायद्याच्या चार गोष्टी

१) स्वतःच्या शेतातला माल नेण्यासाठी गाडी घेतली तरी तिची नोंदणी मालवाहू वाहन म्हणूनच होते.

२) एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ नुसार वेगळा परवाना, ज्याला आपण परमिट म्हणतो, तो लागत नाही. गाडी निवडताना ही मर्यादा पाहावी.

३) हलक्या मोटार वाहनाचा चालक परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले आहे.

४) योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ते किंवा विमा संपलेला असताना अपघात झाला तर फार मोठी आफत येते. दोन्ही तारखा घरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात.

घ्यावी की भाड्याने लावावी?

आता मुख्य प्रश्न. कर्ज सहज मिळते, दारात गाडी उभी राहिली की गावात मान वाढतो आणि ‘भाडे मारून हप्ता फिटेल’ असे सगळे सांगतात. निर्णय मात्र वहीवर घ्यावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापल्या भागातले आकडे त्या जागी घालावेत.

समजा गाडी ९ लाख रुपयांची आहे, दहा वर्षे वापरली आणि शेवटी २ लाखांना विकली. ७ लाखांची झीज दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ७०,००० रुपये. गुंतलेली सरासरी रक्कम साडेपाच लाख धरून १० टक्क्यांनी व्याज ५५,००० रुपये. विमा, कर, प्रमाणपत्रे ४०,००० रुपये. गाडी जागची हलली नाही तरी वर्षाला १,६५,००० रुपये खर्च आहे. पगारी चालक ठेवला आणि त्याला महिना १२,००० रुपये दिले, तर १,४४,००० रुपये वाढून हा खर्च ३,०९,००० रुपये होतो.

चालवण्याचा खर्च वेगळा. डिझेल, टायर, तेल आणि दुरुस्ती मिळून किलोमीटरला १२ रुपये धरू. बाजार ५० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० किलोमीटर, म्हणजे फेरीला १,२०० रुपये. त्याच फेरीचे भाडे ३,००० रुपये असेल, तर स्वतःची गाडी फेरीमागे १,८०० रुपये वाचवते.

१,६५,००० ला १,८०० ने भागा. ९२ फेऱ्या होतात. म्हणजे घरचाच माणूस गाडी चालवणार असेल, तरी वर्षात ९२ भरलेल्या फेऱ्या झाल्या तरच भाड्याइतका खर्च निघतो. चालक ठेवला तर १७२ फेऱ्या लागतात.

आता आपल्या मालाकडे पाहा. दोन एकर टोमॅटो, एकरी २० टन धरले तर ४० टन. गाडीत १.२ टन माल जातो असे धरले तरी ३४ फेऱ्या. म्हणजे दोन एकरवाल्याने एकट्याने गाडी घेतली तर वर्षाचे बहुतेक दिवस ती उभी राहणार आणि हप्ता मात्र उभा राहणार नाही. मग तो दुसऱ्यांची भाडी शोधत फिरतो. शेताकडे दुर्लक्ष होते, फवारणी एक दिवस पुढे जाते, पाणी चुकते. गाडीचा हप्ता टोमॅटोतून फेडण्याऐवजी टोमॅटो गाडीपायी बुडतो. असे घडताना आपण प्रत्येकाने आपल्या गावात पाहिलेले आहे.

पण असेच पाच शेतकरी एकत्र आले तर १७० फेऱ्या होतात. परतीला खत, बियाणे, पशुखाद्य आणले की चालकाच्या पगारासह हिशेब बसतो. एकट्याला न परवडणारी गाडी पाचांना परवडते. त्यासाठी मात्र पहिल्या दिवशीच काही गोष्टी कागदावर घ्याव्यात. गाडी कोणाच्या नावावर आणि बाकीच्यांचा हक्क कसा नोंदवायचा. प्रत्येकाने किलोमीटरमागे किती द्यायचे. त्यातले किती टायर-दुरुस्तीच्या निधीत ठेवायचे. एकाच दिवशी दोघांचा माल निघाला तर पाळी कोणाची. आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा वाटा कसा काढायचा. गाडीत एक फेरीवही ठेवावी आणि तारीख, किलोमीटर, माल, डिझेल या चार गोष्टी रोज लिहाव्यात. भाऊबंदकीतले भांडण बहुधा तोंडी ठरवलेल्या गोष्टींवरून होते. उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था असेल तर गाडी तिच्याच नावाने घेणे सोपे जाते.

पाच जणही जमत नसतील तर भाड्याची गाडी लावण्यात कमीपणा नाही. मात्र तीही मिळून ठरवावी. हंगामाच्या सुरुवातीलाच हुंडेकऱ्याशी किंवा गाडीवाल्याशी फेरीचा दर, निघण्याची वेळ, क्रेटची परतफेड आणि वाराई कोणी द्यायची हे बोलून घ्यावे. रोज सकाळी वेगळा दर ऐकून घेण्यापेक्षा हे बरे.

गाडी स्वतःच्या ताब्यात असण्याचा एक फायदा या हिशेबात धरलेला नाही, तोही सांगतो. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढण्यात आला. त्यामुळे आवाराबाहेर, थेट ग्राहकाला, शहरातल्या सोसायटीत किंवा आठवडी शेतकरी बाजारात माल विकता येतो. ज्याच्याकडे स्वतःची किंवा गटाची गाडी आहे, तो एका बाजारात भाव पडला तर दुसऱ्या बाजाराचा विचार करू शकतो. ज्याची गाडी हुंडेकऱ्याची, त्याला हुंडेकरी नेईल तो बाजार. गाडीमागे फेरीला वाचणारे १,८०० रुपये आपल्याला वहीत दिसतात. बाजार निवडण्याची मोकळीक वहीत दिसत नाही, पण तिलाही किंमत आहे. पाच जणांनी मिळून गाडी घेण्यामागचे खरे कारण मला तरी हेच वाटते.

जुनी गाडी घेताना

अनेकजण पहिली गाडी जुनीच घेतात. त्यात गैर नाही. परंतु कागदांवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का, चासी व इंजिनाचे क्रमांक जुळतात का, दंडाची चलने बाकी आहेत का, हे आधी पाहावे. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहावी. हौद्याखाली वाकून मुख्य सांगाड्यावर जोड मारले आहेत का आणि कमानपाट्यांत जादा पाटे घातले आहेत का, ते बघावे. जादा पाटे दिसले तर समजावे, की ही गाडी आयुष्यभर क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहत आली आहे. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये.

बंधू-भगिनींनो, घरी गेल्यावर एक काम करावे. गेल्या हंगामातल्या पट्ट्या काढून त्यांतले वाहतुकीचे आकडे एका कागदावर मांडावेत, फेऱ्या मोजाव्यात आणि त्यावरून वर सांगितलेला भागाकार स्वतः करून पाहावा. शेजारच्या दोघा-तिघांनाही तसे करायला सांगावे आणि ते कागद घेऊन एकत्र बसावे. गाडी घ्यायची की नाही, कोणती घ्यायची आणि किती जणांनी मिळून घ्यायची, याचे उत्तर त्या कागदांतच सापडेल. हिशेबात किंवा काढणीनंतरच्या हाताळणीत काही शंका असल्यास आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागात अवश्य यावे. येताना पट्ट्या बरोबर आणाव्यात.